देवाने ठेवलं तर

"पुन्हा म्हण," मी म्हटलं, "आणि या वेळी शेपूट लावू नकोस."

मालन उभी राहिली. बसून बोल म्हणून तिला दहा वेळा सांगून झालं होतं, पण बाईंशी बसून बोलणं तिच्या अंगातच नव्हतं. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, फळ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आय ॲम कमिंग बॅक ऑन थर्टिएथ जून." मग थांबली. घशात काहीतरी अडकलेलं मला समोर दिसत होतं. मी डोळे वटारले, तरी शेवटी ते बाहेर आलंच. "इफ गॉड कीप्स."

वर्ग हसला. वर्ग म्हणजे काय, तर विरार पश्चिमेला आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल. सोफा भिंतीला सरकवायचा, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, टीव्हीच्या बाजूला फळा टांगायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला घरी स्वस्थ बसवेना, म्हणून हा उद्योग सुरू केला. एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि सरोजिनीबाई तोंडाने फटकळ आहेत असं नाव कमावलं. दोन्हीचा मला अभिमानच होता. आता नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

त्या दिवशी माझा आवडता धडा होता: पुढे घडायच्या गोष्टी इंग्रजीत कशा सांगायच्या. व्याकरणातली नावं घेतली की मोठी माणसंही शाळकरी पोरांसारखी घाबरतात, म्हणून मी फळ्यावर नुसते तीन चौकोन काढते. पहिला चौकोन मनातल्याचा. जायचा विचार आहे, अजून काही हललेलं नाही. दुसरा ठरलेल्याचा. तिकीट काढलंय, बॅग भरलीय, शुक्रवारी निघतेच आहे. आणि तिसरा वेळापत्रकाचा. गाडी सुटते, परीक्षा सुरू होते, आपण असलो काय नि नसलो काय. "या तिसऱ्या चौकोनातल्या वाक्याला कुणाची परवानगी लागत नाही," मी सांगत असे. "देवाचीसुद्धा नाही. स्टेशनच्या पाटीवर 'नऊ सदतीस, देवाने ठेवलं तर' असं कधी लिहिलेलं वाचलंय का?"

"लिहायला पाहिजे खरं तर," सँड्रा म्हणाली, आणि सगळे परत हसले. सँड्रा जवळच्या नंदाखाल गावची, नर्सिंग केलेली, बाहेरगावच्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणार होती. मालनही हसली. तिला स्वतःवर हसलेलं चालायचं. पण वही मिटताना ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ते न लावता बोललं ना, तर छातीत धडधडतं माझ्या."

मी म्हटलं, सवय होईल.

मालन वटार गावची. सत्तावन्न वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या घरची वाडी आहे: केळी, थोडी फुलं, कडेला अळू. पहाटे उठून फुलं काढायची, बाजाराला पाठवायची आणि मग आगाशीवरून येणाऱ्या बसने साडेदहाच्या ठोक्याला माझ्या दारात. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते काही केल्या जात नाहीत, म्हणून ती हात पदराखाली धरायची. रिकाम्या हाताने कधी आली नाही. कधी वेलची केळ्यांची फणी, कधी अळूची जुडी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी तिला अगं-तुगं करायला लागले. ती मात्र शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिली.

इंग्रजी शिकायची हौस म्हणून ती आली नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा अनुज परदेशात होता. कुठल्या देशात ते मी सांगत नाही, त्यांच्या नावाने बोटं मोडून आता काय मिळणार? चौतीस वर्षांचा मुलगा. दिवाळीनंतर त्याच्या पोटात गाठ सापडली आणि ती कसली आहे ते कळलं. आईवडिलांना त्याने तीन महिने पत्ता लागू दिला नाही. फेब्रुवारीत त्याच्या बायकोला, क्षितिजाला, ते ओझं पेलवेना आणि तिने फोनवर सांगून टाकलं. त्याला प्रवास करायला डॉक्टरांची मनाई होती. मालनच्या नवऱ्याची, आत्मारामभाऊंची, दोन वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, त्यांना एवढा विमानप्रवास झेपणार नव्हता. म्हणजे जायचं ते मालनने. शिर्डीच्या पलीकडे पाऊल न टाकलेल्या बाईने. पासपोर्ट झाला. आजारपणाचे कागद जोडल्यामुळे वकिलातीची तारीखही लवकर मिळाली, नऊ एप्रिल. हातात सहा आठवडे होते. पोराचं तोंड बघायला मिळणार की नाही, ते काचेपलीकडच्या एका माणसाशी होणाऱ्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर ठरणार होतं.

आता ते शेपूट. "देवाने ठेवलं तर" हे मालनच्या तोंडात श्वासासारखं होतं. उद्या येते बाई, देवाने ठेवलं तर. संध्याकाळी भात लावते, देवाने ठेवलं तर. एकदा मी वैतागून विचारलं की हे कुठून शिकलीस, तेव्हा तिने सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा तेरा-चौदा दिवसांतच तिने वाडीत उभं राहून मोठ्याने म्हटलं होतं, "परवा हा घड उतरवू या." सासूने तिथल्या तिथे तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या वाडीत झाडासमोर दिवस सांगायचा नाही. सांगायचाच झाला तर पुढे हे लावायचं. त्या रात्री वारा सुटला आणि सकाळी चाळीस केळी आडव्या. सासू तिला एका शब्दाने बोलली नाही, नुसती आडव्या झाडांमधून फिरत राहिली. त्यानंतर मालनने एकही दिवस उघडा सोडला नाही. आत्मारामभाऊंच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने डॉक्टरांकडूनसुद्धा म्हणवून घेतलं होतं. "उद्या आठला आत घेतो, देवाने ठेवलं तर." डॉक्टर हसले म्हणे, पण म्हणाले बिचारे.

वकिलातीच्या अर्जात एक रकाना होता, मुलाखत कुठल्या भाषेत हवी. मराठीही चालणार होती. दुभाषा असतो तिथे. आमचे हे, दिनानाथ, चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, "सरोज, तिला मराठीत बोलू दे. मराठी माणूस असेल मध्ये, तो तिचं बोलणं समजून घेईल." मी त्यांना गप्प केलं. इंग्रजीत बोलली की समोरच्यावर छाप पडते, मराठीत बोलली तर खेडवळ बाई समजून कटवतील, असं काय काय मी त्यांना सुनावलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. सातवी शिकलेली बाई तिथे उभी राहून माझं इंग्रजी बोलणार, याची मला गुर्मी चढली होती. रकान्यात इंग्रजी लिहायला मीच लावलं.

मग सहा आठवडे घोकंपट्टी. वर्ग सुटला की तिला थांबवून घ्यायची. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, ह्यांचा चष्मा नाकावर लावून साहेब झालेली, आणि दुसऱ्या बाजूला उभी मालन. का जाताय? किती दिवस? खर्च कोण करतंय? परत कधी येताय? बाकी सगळं ती पोपटासारखं बोलायची. उच्चारही चांगले होते तिचे. शेवटच्या प्रश्नाला मात्र गाडी अडायची. कधी शेपूट गिळायची, कधी निसटायचं. त्याच दिवसांत तिने अनुजसाठी सुकेळी घातली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, रात्री आत घ्यायची. त्याला लहानपणापासून आवडतात. मी म्हटलं, विमानतळावर फेकून देतील. ती म्हणाली, एखादं तरी पोचेल, देवाने ठेवलं तर.

नऊ एप्रिलला ती आणि आत्मारामभाऊ गेले. मी दिवसभर फोनपाशी. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती दारात उभी, हातात केळ्यांची फणी, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहूनच काय ते समजले.

तिने सावकाश, क्रमाने सांगितलं. काचेपलीकडे तिच्या क्षितिजाच्या वयाची पोरगी होती. गोड बोलली. मुलाच्या आजाराचे कागद पाहिले, वाईट वाटलं म्हणाली. सगळे प्रश्न आपण घोकले होते तसेच आले. मग तिने विचारलं, तुम्ही तीस जूनला परत येताय. मालन म्हणाली, यस मॅडम. आणि पाठोपाठ, इफ गॉड कीप्स.

"मग तिने विचारलं, अँड इफ नॉट?" मालन म्हणाली. "बाई, एवढ्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे कुणी विचारतच नाही ना. मी गडबडले. आणि मग जे मनात होतं ते बोलले."

"काय बोललीस?"

"देन आय स्टे विथ माय सन."

पासपोर्ट परत मिळाला, सोबत एक छापील कागद. तुम्ही परत याल याची खात्री पटत नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

आता इथे मी काय केलं तेही लिहायला हवं. मी तिला बसवलं नाही, पाणी विचारलं नाही. मी तिच्यावर ओरडले. सहा आठवडे घसा कोरडा केला, घोकून घोकून घेतलं, आणि एक वाक्य, एक साधं वाक्य तुला उघडं ठेवता आलं नाही. आणि वर म्हटलं, "ठेवलं बघ तुझ्या देवाने तुला. वटारला ठेवलं."

स्वयंपाकघराच्या दारात हे येऊन उभे राहिले. नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आमच्या, तसं ते कधी पाहत नाहीत.

मालनने फणी टेबलावर ठेवली. म्हणाली, "बाई, परत यायची तारीख सांगायची म्हणजे तोवर पोराचं काय ते झालेलं असायला पाहिजे. बरा तरी, नाहीतर. मी आई आहे त्याची. मी कुठल्या तोंडाने तीस जून सांगू?"

हे एवढं सरळ होतं आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. दुसऱ्या चौकोनातलं वाक्य म्हणून मी ते फळ्यावर लिहिलं होतं, पुसलं होतं, परत लिहिलं होतं. तिच्यासाठी ते वाक्य म्हणजे मुलाच्या मरणाची तारीख होती. पण चूक कबूल करणाऱ्यांतली मी नव्हे. मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू, या वेळी मी पक्की तयारी करून घेते.

पुढची तारीख मिळाली सव्वीस ऑगस्टची. चार महिने. अनुजचं औषध बदललं होतं आणि थोडा उतार आहे असं क्षितिजा सांगत होती. तेव्हा घाबरायचं कारण नाही, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. मुलाखत पार पडली की दोन सप्टेंबरचं विमान, असंही ठरवून टाकलं. मालन पावसाळाभर आली. छत्री दाराबाहेर उघडी ठेवायची, पाय पुसायची आणि उभी राहायची. मी तिला भाषा मराठी करून घेऊ का, असं एकदाही विचारलं नाही.

आणि तिने ते जमवलं. जूनच्या शेवटी वाक्य स्वच्छ यायला लागलं. फक्त मधेच एक क्षण थांबायची. मी वही पाहिली तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेनने बारीकशी आडवी रेघ. हे काय, म्हटलं. ती लाजली. "तिथे मी मनात म्हणते, बाई."

मी म्हटलं, मनातसुद्धा नाही म्हणायचं. चेहऱ्यावर दिसतं ते. समोरची माणसं चेहराच वाचतात.

ती बरं म्हणाली. पुढच्या पानापासून रेघा बंद झाल्या.

जुलैच्या अखेरीस एकदा ती वर्गात असतानाच अनुजचा व्हिडिओ फोन आला. एरवी माय-लेकरं घरच्या बोलीत बोलायची, त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी मी समोर होते म्हणून तो साध्या मराठीत बोलला. लोकरीची टोपी घातलेली, गाल बसलेले, डोळे मात्र आईचे. मला नमस्कार केला. म्हणाला, "बाई, आई इंग्रजी बोलते म्हणे. आम्हाला तर हिने कधी बोलून दाखवलं नाही. एक वाक्य होऊन जाऊ दे."

मालनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती फोनसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम कमिंग ऑन सेकंड सप्टेंबर."

स्वच्छ. चेहऱ्यावर काही नाही. मनातही काही नाही, मला खात्री आहे.

पडद्यावर अनुज हसत वाट बघत होता. आईचं वाक्य संपलंय असं त्याला वाटलंच नाही. लहानपणापासून ऐकत आलेला तो. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, पुढचं?"

"पुढचं काही नाही," मालन म्हणाली. "बाईंनी काढून टाकलंय."

तो मोठ्याने हसला. हसता हसता खोकला लागला आणि क्षितिजाने फोन घेतला. सुकेळी डब्यात नीट आहेत ना, तो विचारतोय, एवढं सांगून तिने फोन ठेवला. मी मालनची पाठ थोपटली. म्हटलं, बघ, आलं की नाही? अरे देवा. मी तिची पाठ थोपटली.

चौदा ऑगस्टला मालन आली नाही. फोन बंद. पंधराला वर्गाला सुट्टी होती. सोळाला सँड्रा आली ती खुर्चीत बसलीच नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "टीचर, मालनआंटीचा मुलगा गेला." चौदाच्या पहाटे फोन आला होता. ताप चढला, दवाखान्यात नेलं, रात्रीतून संपलं. सँड्राची आई रविवारी चर्चमधल्या मिसावरून येताना वटारला डोकावणार होती. टीचर, तुम्ही येणार का, तिने विचारलं. मी म्हटलं, येते बघू. हेही म्हणाले की चल, रिक्षाने जाऊन येऊ. मी पायात चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. तिच्या समोर जाऊन उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. एकतीस वर्षं वर्गावर दरडावलेली बाई मी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी बेल वाजली. घड्याळात साडेदहा. दारात मालन.

कपाळ नेहमीसारखंच, साडी नेहमीचीच धुतलेली. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेलं एक पुडकं. ते तिने टेबलावर ठेवलं. "ह्यांना चावत नाहीत," म्हणाली, "आणि माझ्या घशाखाली उतरत नाहीत. तुम्ही घ्या." मग खुर्ची ओढून बसली. मी न सांगता बसली, ते पहिल्यांदाच.

मी काहीतरी बोलणार होते. तिने पदराखालून फोन काढला. क्षितिजाच्या मैत्रिणींनी इंग्रजीत पत्रिकेसारखं काही पाठवलं होतं. पाच-सहा ओळी आणि खाली एक लिंक. तिथले विधी तिथेच करायचे, त्याला इकडे आणायला फार दिवस लागतात, असं तिने सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं.

"मी वाचून दाखवते," ती म्हणाली. "चुकलं तर सांगा."

आणि तिने वाचलं. बोट ओळीवर ठेवून, सावकाश, एकेक शब्द सुटा. फ्रेंड्स आर गॅदरिंग ॲट एट थर्टी. मित्रमंडळी साडेआठला जमताहेत. द सर्व्हिस बिगिन्स ॲट नाइन. अंत्यविधी नऊला सुरू होतो. मग तिथल्या सभागृहाचं नाव, रस्त्याचं नाव. एकही चूक नव्हती. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत इतक्या नीट त्या दोन ओळी कुणी वाचल्या नसत्या.

"हे वरचं दुसऱ्या चौकोनातलं," ती म्हणाली. "आणि हे खालचं, बिगिन्स, तिसऱ्यातलं. बरोबर?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे आपण असलो काय नि नसलो काय."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. ती थांबली, मला आवरू दिलं, आणि मग तिथले नऊ म्हणजे आपल्याकडचे किती ते विचारलं. मी बोटांवर मोजून संध्याकाळचे साडेसहा सांगितले. तिने पिशवीतून वही काढली, तीच वही, आणि शेवटच्या पानावर 6:30 लिहिलं. लिंक उघडते का तेही माझ्याकडून बघून घेतलं. उघडली. काळ्या पडद्यावर फक्त वेळ लिहिलेली होती.

"ते लोक इंग्रजीतच बोलतील," ती म्हणाली. "त्याचे साहेब, मित्र. ह्यांना काही कळणार नाही. मी शेजारी बसून सांगेन ह्यांना एकेक वाक्य. इंग्रजी वाया नाही गेलं, बाई."

तेव्हा मी बोलले. जे बोलायचं होतं ते. रकान्यात इंग्रजी मी लिहायला लावलं, मराठी असती तर एप्रिलमध्येच तू त्याच्याजवळ असतीस. आणि ते वाक्य तुझ्या तोंडातून मी काढलं, मनातूनही काढलं. मला माफ कर असं मी म्हटलं. कुणाला कधी म्हटलं नव्हतं.

मालन आपल्या बोटांकडे बघत होती. चिकाचे डाग तसेच.

"एकोणचाळीस वर्षं म्हटलं, बाई," ती म्हणाली. "रोज म्हटलं. एक दिवस नाही म्हटलं." मग माझ्याकडे पाहिलं. "तेवढ्यासाठी कुणी एवढं करतं का?"

ती मला टोचून बोलत नव्हती. ती विचारत होती. बाईंना सगळं येतं, असं समजून विचारत होती. तिने वाटही पाहिली. शाळेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की मी फळ्याकडे वळायची. मी खरंच फळ्याकडे पाहिलं. रविवारची सुट्टी म्हणून तो पुसून स्वच्छ होता.

ह्यांनी चहा आणला. तिने घेतला, कप विसळून ठेवायला उठली, मी नको म्हटलं तरी विसळला. संध्याकाळी मी तुमच्याकडे येऊन बसू का, असं मी विचारलं. नको म्हणाली, घरात माणसं आहेत, तुम्हाला उगाच हेलपाटा. वही तिने पिशवीत टाकली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बस बारा दहाला सुटते," ती म्हणाली.

मी दारापर्यंत गेले. तिने चपला घातल्या, पिशवी काखेला लावली. सहा महिने रोज याच जागी ती वळायची आणि म्हणायची, उद्या येते बाई, देवाने ठेवलं तर. आणि मी रोज कपाळाला आठ्या घालायची.

ती गेटपर्यंत गेली, कडी काढली, बाहेर पडून कडी परत लावली. मी दार धरून उभी होते. पुढचं काही आलं नाही.